वर्गणी राष्ट्राची, वाचक कोण?

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तेव्हापासून तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक तिच्या आकड्यांविषयी. आकडे मोठे आहेतच. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० शोधपत्रिका, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि त्यांतील सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. माझ्यासारख्या, सरकारी संस्थेत भौतिकशास्त्राचे संशोधन करणाऱ्या व्यक्तीला या योजनेचा लाभ रोजच्या कामात जाणवतो. एखादा शोधनिबंध हवा म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या वर्गमित्राला अपरात्री ई-मेल पाठवण्याचे दिवस आता सरले. राज्य विद्यापीठांतील कित्येक विद्यार्थ्यांसाठी तर हे दार प्रथमच उघडले आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते योजनेच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करते.

मला विचारायचे आहे ते एवढेच, की या १.८ कोटींत कोण नाही?

जयपूरच्या मालवीय नगरात माझ्या परिचयाच्या एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांचे एम.फिल. झालेले आहे, भारतीय पुनर्वास परिषदेकडे रीतसर नोंदणी आहे, आणि गेली काही वर्षे दोन खोल्यांच्या जागेत त्या स्वतंत्र व्यवसाय करतात. नैराश्य आणि चिंताविकार हे त्यांचे मुख्य काम. येणाऱ्यांत गोपालपुरा बायपासवरच्या कोचिंग क्लासांतील मुले-मुली पुष्कळ. उपचाराची पद्धत प्रामुख्याने बोधात्मक-वर्तनात्मक, म्हणजे सर्वत्र ‘सीबीटी’ या नावाने ओळखली जाणारी. त्यांच्या खोलीपासून राजस्थान विद्यापीठ फार दूर नाही. त्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे एम.एस्सी. करणारा मुलगा या योजनेमुळे मानसोपचारावरची शोधपत्रिका आपल्या फोनवर उघडू शकतो, भले त्याला तिचे काही सोयरसुतक नसेल. आमच्या या बाईंना मात्र गोषवाऱ्याच्या खाली एका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर मागणारी चौकट दिसते. आठवड्यातील एक दुपार त्या वाचनासाठी राखून ठेवतात आणि त्या दुपारचा बराच भाग ही चौकट चुकवून पुढे जाण्याचे मार्ग शोधण्यात जातो.

योजनेची मूळ कल्पना अशी नव्हती. डिसेंबर २०२० च्या अखेरीस विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष धोरणाचा जो मसुदा लोकांपुढे आला, त्यात देशी-विदेशी शोधपत्रिका केंद्रीय वाटाघाटीतून भारतातील प्रत्येकाला मोफत वाचता याव्यात, असे म्हटले होते. ‘प्रत्येकाला’ या शब्दाचे चार वर्षांत ‘सरकारी संस्थांतील प्रत्येकाला’ असे झाले. प्रकाशकांशी सौदा करताना कुठेतरी रेषा आखावीच लागते, हे मान्य. पुढच्या टप्प्यांत खासगी शिक्षणसंस्था आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत सर्व नागरिक, असा विचारही मांडला गेला आहे. पण टप्प्यांचा क्रम पाहा: विद्यापीठ, मग आणखी विद्यापीठे, आणि अगदी शेवटी नागरिक. संशोधनाचा वाचक म्हणजे दुसरा संशोधकच, हे गृहीत या क्रमाच्या मुळाशी आहे. भौतिकशास्त्रात ते बहुतांशी खरे आहे. न्यूट्रिनोंवरचा माझा निबंध न्यूट्रिनोंवर काम करणाराच वाचणार. आणि त्यालाही तो फुकट मिळतो, कारण १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉसमधून सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’वर आम्ही आमचे लेखन आधीच टाकून मोकळे होतो. मानसोपचारात मात्र निबंधाचा खरा वाचक प्रयोगशाळेत बसलेला नसतो. तो खुर्ची ओढून एका त्रस्त माणसासमोर बसलेला असतो.

ज्या काळात आंतरजाल नव्हते, त्या काळात हे अंतर एका मराठी माणसाने टपालाने ओलांडले होते. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला. एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर जी उपचारपद्धती उभी केली, तिला फडक्यांनी मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण रुजवले. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी आणि ठाण्याची ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ यांनी ती व्याख्यानांतून, पुस्तकांतून, नाट्यप्रयोगांतून घरोघरी नेली. प्रसंगामुळे आपण दुःखी होत नाही, प्रसंगाविषयीच्या आपल्या धारणेमुळे होतो, हे सूत्र आज मराठी वाचकाला नवे वाटत नाही ते या मंडळींमुळे. एलिस आणि फिलाडेल्फियाचे ॲरन बेक हे या घराण्याचे दोन मूळ पुरुष. पण घराण्याचा वारसा एकदा मिळाला की काम संपत नाही. गेल्या पन्नास वर्षांत या पद्धतीविषयीचे आपले ज्ञान अनेकदा पालटले आहे, आणि ते कसे पालटले हे जरा सविस्तर सांगणे भाग आहे. कारण थेरपिस्टने अद्ययावत राहावे म्हणजे नेमके काय व्हावे, हे त्यावाचून कळणार नाही.

१९७७ साली रश, बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या ४१ रुग्णांवर एक चाचणी केली. काहींना बोलण्याचा उपचार, काहींना इमिप्रॅमिन हे त्या काळचे प्रचलित औषध. बारा आठवड्यांअखेर बोलण्याचा उपचार सरस ठरला. आजच्या मापाने ४१ ही संख्या लहान आहे. तरी मानसोपचार औषधासारखा मोजून पाहता येतो, हे दाखवणारे ते पाऊल महत्त्वाचे होते. बेक यांची मांडणी अशी होती की नैराश्यात माणसाच्या विचारांना विशिष्ट वळण लागते: मी नालायक आहे, जग प्रतिकूल आहे, पुढे काही व्हायचे नाही. हे विचार पकडावेत, कागदावर मांडावेत, पुराव्याला लावून पाहावेत, म्हणजे मन सावरते. उपचाराच्या पॅकेजमध्ये आणखी एक भाग होता आणि तो पूर्वतयारीचा समजला जाई. रुग्णाने दिवसाचे वेळापत्रक करून टाळलेल्या, सोडून दिलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करायच्या. याला वर्तन-सक्रियता म्हणतात.

१९९६ साली वॉशिंग्टन विद्यापीठाचे नील जेकबसन यांनी, आम्ही प्रयोगवाले एखाद्या यंत्राबाबत जे करतो, तेच या उपचाराबाबत केले. त्यांनी तो उलगडून सुटा केला. सुमारे १५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. एका गटाला केवळ वर्तन-सक्रियता; दुसऱ्याला त्यासोबत रोजच्या नकारात्मक विचारांवर काम; तिसऱ्याला मुळापर्यंतच्या धारणांसह संपूर्ण उपचार. अपेक्षा अशी की पायऱ्या चढत जाव्यात तसा परिणाम वाढावा. तो वाढला नाही. केवळ वेळापत्रक करून कामाला लागलेला गट इतर दोघांइतकाच सुधारला आणि दोन वर्षांनंतरच्या पाहणीतही फरक दिसला नाही. ज्या भागाला सगळे पूर्वतयारी समजत होते तो बहुधा उपचाराचा कणाच होता.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे सादी कार्नो आठवेल. १८२४ साली त्याने उष्णतेच्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता शोधली, ती उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असे मानून. द्रव खोटा निघाला, मर्यादा खरी राहिली. उपचार चालतो, पण तो का चालतो याविषयी त्याच्या जनकाचे स्पष्टीकरण अपुरे असू शकते, ही गोष्ट मानसशास्त्रात लाजिरवाणी मानण्याचे काहीच कारण नाही.

जेकबसन यांचा निष्कर्ष लहानशा चाचणीवर होता, म्हणून त्यावर वर्षानुवर्षे खल झाला. २०१६ साली ब्रिटनमध्ये ४४० प्रौढांवरील ‘कोब्रा’ चाचणीचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिथे वर्तन-सक्रियता कनिष्ठ श्रेणीच्या मानसिक-आरोग्य कार्यकर्त्यांनी दिली आणि सीबीटी प्रशिक्षित थेरपिस्टांनी. वर्षअखेर पहिला उपचार दुसऱ्याच्या तुलनेत उणा ठरला नाही, आणि खर्च कमी आला.

आता मालवीय नगरातल्या त्या खोलीत याचा अर्थ काय होतो ते पाहू. एकोणीस वर्षांचा एक मुलगा समोर बसला आहे. वैद्यकीय प्रवेशाचा दुसरा प्रयत्न फसला आहे, पीजीच्या खोलीतून आठवडाभर बाहेर पडलेला नाही, जेवणाचा डबा परत जातो आहे, आईचे फोन उचलत नाही. ज्या थेरपिस्टचे ज्ञान पदवी मिळाली त्या वर्षी थांबले आहे, ती पहिल्याच भेटीत त्याच्या हाती विचारांची तक्त्यांची वही देईल आणि ‘मी नालायक आहे’ या विधानाचे पुरावे-प्रतिपुरावे लिहायला सांगेल. परीक्षेत दोनदा अनुत्तीर्ण झालेल्या मुलाकडे पहिल्या रकान्यात लिहायला भरपूर असते. जिने पुढचे वाचले आहे, ती कदाचित म्हणेल: उद्या सकाळी अंघोळ करून खाली चहाच्या टपरीपर्यंत जाऊन ये, संध्याकाळी आईला एक फोन कर, आणि दोन्ही वेळा मन कसे होते ते एवढेच टिपून ठेव. विचारांचे पुढे पाहू. दुसरा मार्ग प्रत्येकाला लागू पडेल असे कोणताही निबंध म्हणत नाही. पण दोन मार्ग आहेत हे तरी समोरच्या व्यक्तीला माहीत हवे.

या कहाणीतला पुढचा अध्याय आपल्या शेजारच्या गोव्यात लिहिला गेला, आणि मराठी वाचकांत तो जितका माहीत असावा तितका नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. १९९६ सालीच, म्हणजे जेकबसन यांचा निबंध आला त्याच वर्षी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. तिथल्या संशोधकांपुढचा प्रश्न साधा होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या नैराश्यग्रस्त माणसासाठी देशात मानसशास्त्रज्ञच नाहीत. मग उपचार कोण करणार? मूळ धारणांचे उत्खनन करायला दीर्घ प्रशिक्षण लागते. वर्तन-सक्रियता शिकवायला तेवढे लागत नाही. अशा रीतीने एका कोरड्या, तांत्रिक निबंधातून निघालेला धागा वीसेक वर्षांत कोकणी-मराठी बोलणाऱ्या समुपदेशकांपर्यंत पोहोचला. मानसशास्त्राची कोणतीही व्यावसायिक पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी सहा ते आठ बैठकांचा उपचार करण्यात आला. त्याचे नाव ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’.

ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या काळात गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांना या चाचणीत सामील करून घेण्यात आले. सौम्य उदासीचे हे रुग्ण नव्हते. नैराश्य मोजण्याच्या नऊ प्रश्नांच्या मापनीवर २७ पैकी १५ किंवा अधिक गुण असलेले होते. तीन महिन्यांनी, केवळ सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के लोक नैराश्याच्या मर्यादेखाली आले होते, समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के. वर्षानंतरही लाभ टिकून होता. ही पद्धत पुढे मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना स्मार्टफोनवरून शिकवण्यापर्यंत गेली.

गोव्याच्या कामातील ज्या तपशिलाने मला सर्वाधिक विचारात पाडले तो टक्केवारीचा नाही. तिथे समुपदेशक आपल्या बैठकींचे ध्वनिमुद्रण करत, मग सगळे गटात बसून एकमेकांच्या ध्वनिफिती ऐकत आणि ठरलेल्या मापनीवर परस्परांना गुण देत. हे गुण तज्ज्ञांच्या गुणांकनाशी बऱ्यापैकी जुळतात, असे आढळले. याचे मोल कळण्यासाठी २०१६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाकडे पाहावे. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १७० थेरपिस्ट आणि त्यांचे ६,५९१ रुग्ण यांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली. अनुभव वाढेल तसा थेरपिस्टचा हात बसत जावा, असे कुणालाही वाटेल. सरासरी चित्र तसे नव्हते. काळागणिक परिणाम किंचित घटत गेला होता. घट अगदी अल्प होती, काही थेरपिस्ट सुधारलेही होते, आणि अनुभवी थेरपिस्टांचे रुग्ण उपचार अर्ध्यात कमी सोडत, हेही नमूद करायला हवे. तरीही ‘वीस वर्षांचा अनुभव’ या पाटीवर विसंबणाऱ्यांनी हा अभ्यास नजरेखालून घालावा. प्रयोगशाळेत ज्या उपकरणाचे अंशांकन होत नाही ते वर्षागणिक अधिक अचूक होत नाही, सरकत जाते. बंद दारामागे एकट्याने काम करणाऱ्या थेरपिस्टला बाहेरून मोजमाप मिळण्याच्या वाटा दोनच: सहकाऱ्याचा कान आणि छापलेले संशोधन. पहिलीची सोय तिला स्वतः करावी लागते. दुसरी वर्गणीच्या कुलपात आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो, आणि तो मी सौम्य करून मांडणार नाही. ‘कोब्रा’चा निबंध, गोव्याचा निबंध, हे दोन्ही कुणालाही फुकट वाचता येतात. गोव्याच्या उपचाराची पुस्तिकाही मोफत उपलब्ध आहे. मग तक्रार कशाची? तक्रार याची की काय मोफत आणि काय कुलपात, हे ज्याने पैसे दिले त्या निधिसंस्थेच्या नियमांवर ठरते. वाचणाऱ्याच्या गरजेवर नाही. पुढचे उदाहरण पाहा. २०१५ साली ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या वर्गणीच्या शोधपत्रिकेत योन्सेन आणि फ्रिबोर्ग या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी १९७७ ते २०१४ या काळातील ७० अभ्यास एकत्र तपासून जाहीर केले, की नैराश्यावरील सीबीटीचा परिणाम दशकागणिक घसरत चालला आहे. बातमी जगभर गेली. वृत्तपत्रांना मथळा मिळाला. २०१७ साली त्याच शोधपत्रिकेत दोन गटांनी हाच विदा पुन्हा तपासला आणि दाखवले की निष्कर्ष डळमळीत आहे. एका फेरतपासणीत १९९५ नंतर घसरण दिसतच नव्हती. या उत्तरांची बातमी झाली नाही. मग २०२३ साली पिम कायपर्स आणि सहकाऱ्यांनी ४०९ चाचण्या आणि ५२,७०२ रुग्ण यांचे एकत्रित विश्लेषण ‘वर्ल्ड सायकियाट्री’मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाशनवर्षानुसार परिणामात घट नाही, वाढही नाही, असे त्यात आढळले. म्हणजे भीती कुलपात, फेरतपासणी कुलपात, आणि आठ वर्षांनी निर्वाळा तेवढा उघड्यावर. मधल्या काळात एखाद्या थेरपिस्टने मथळा वाचून आपल्या पद्धतीवरचा विश्वास सैल केला असेल, किंवा एखाद्या रुग्णाने ‘आता याचा उपयोग होत नाही म्हणे’ असे म्हणून येणे थांबवले असेल, तर दोष कुणाला द्यायचा?

‘मग सारांश वाचावा’ हा दुसरा सल्ला. हल्ली तर यंत्रच सारांश करून देते. कायपर्स यांच्या निबंधाचाच सारांश घेऊ. परिणामाचा आकार ०.७९. सोप्या भाषेत, गुणांचे वितरण नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे मानले, तर उपचार घेतलेल्यांतील सरासरी व्यक्ती तुलनागटातील १०० पैकी सुमारे ७८ जणांहून बऱ्या स्थितीत. फार चांगले. पण तुलनागट कोणता? काही चाचण्यांत तो नेहमीची वैद्यकीय सेवा घेणाऱ्यांचा असतो, काहींत निव्वळ प्रतीक्षायादीत थांबलेल्यांचा. आणि प्रतीक्षायादीशी तुलना केली की कोणताही उपचार अधिक उजळ दिसतो. हे मूळ निबंधातील पद्धती आणि तक्ते पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याच विश्लेषणात इतर मानसोपचारांच्या तुलनेत सीबीटीची आघाडी फक्त ०.०६ भरली, आणि कसून तपासताच बहुतेक ठिकाणी तीही उरली नाही. औषधांच्या तुलनेत मात्र लगेच फरक नसला तरी सहा ते बारा महिन्यांनी सीबीटी पुढे दिसली, जरी तशा चाचण्या थोड्या होत्या. एकाच निबंधात एवढ्या छटा असतात. गोषवाऱ्यावर चालणारा वाचक त्यातली एखादी उचलतो आणि तिचा धर्म करून टाकतो. मानसोपचाराच्या निरनिराळ्या पंथांतील भांडणे मी दुरून पाहिली आहेत. त्यांतली निम्मी तरी न वाचलेल्या तक्त्यांवर पोसलेली असावीत.

आडवाटही आता बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘साय-हब’ हे संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश दिला. प्रकाशकांनी २०२० साली दाखल केलेल्या दाव्यातला हा टप्पा होता. कायद्याच्या बाजूने त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. परंतु त्या वेळी अनेकांनी ‘आता सरकारी वर्गणी आहेच की’ असे जे समाधान व्यक्त केले, ते सरकारी संस्थेच्या आत बसलेल्यांचे समाधान होते.

बाहेर कोण आहे याचा अंदाज घेण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यातील बारा राज्यांत राजस्थानही होते, निरनिराळ्या मानसिक विकारांतील ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची देशातील संख्या तर हजारांत मोजावी लागते, आणि त्यांतील पुष्कळ जण खासगी व्यवसायात आहेत. परिषद त्यांच्याकडून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुण मागते. हे गुण बहुधा कार्यशाळांतून, परिषदांतून मिळवले जातात. सभागृह, फोल्डर, दुपारचे जेवण, प्रमाणपत्र. काही कार्यशाळा उत्तम असतात. पण एका हाताने अद्ययावत राहा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने शोधपत्रिका मिटून ठेवायची, ही विसंगती सरकारच्याच दोन खात्यांतली आहे.

खर्चाचा हिशेब कठीण नाही. ६,००० कोटी रुपये, तीन वर्षे, १.८ कोटी वाचक. दरडोई दरसाल सुमारे १,१०० रुपये. त्यात आणखी काही हजार थेरपिस्ट जोडले तर ही बेरीज डगमगणार नाही. खरा अडसर ओळख पटवण्याचा सांगितला जातो: संस्थेच्या जाळ्याबाहेरची व्यक्ती पात्र आहे हे प्रकाशकाला कसे कळावे? पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक त्यासाठीच असतो. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. त्या नोंदवहीत येणाऱ्या समुपदेशकांनाही हीच किल्ली देता येईल. केवळ थेरपिस्टच का, असे कुणी विचारेल. फिजिओथेरपिस्ट, खासगी दवाखान्यातला एमबीबीएस डॉक्टर, वाचा-उपचारतज्ज्ञ, सगळेच यावेत. मी मानसोपचारापासून सुरुवात करते, कारण इथे उपकरण, औषध आणि मात्रा या तिन्हींच्या जागी एक माणूस असतो, आणि त्या माणसाला काय ठाऊक आहे यावरच पुष्कळसे अवलंबून राहते.

योजनेची पहिली मुदत २०२७ अखेर संपते. नव्या कराराच्या वाटाघाटी त्याआधी व्हाव्या लागतील. परदेशांतील विद्यापीठ-ग्रंथालयांच्या परवान्यांत बाहेरून चालत येणाऱ्या वाचकासाठी एक कलम बहुधा असतेच. ग्रंथालयाच्या आवारात, तिथल्या संगणकावर बसून त्याला काहीही वाचता येते. जयपुरात जवाहरलाल नेहरू मार्गावर राजस्थान विद्यापीठ आहे, मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे आणि डॉ. राधाकृष्णन राज्य केंद्रीय सार्वजनिक ग्रंथालयही आहे. पहिल्या दोन ठिकाणी पाहुण्या वाचकासाठी चार संगणक, आणि तिसऱ्या ठिकाणी कोणत्याही नागरिकासाठी आणखी चार, एवढ्यावर या शहरापुरता आरंभ होऊ शकतो. ज्यांच्या संस्था योजनेत आहेत त्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी आपल्या ग्रंथपालांना किंवा योजनेच्या समन्वय अधिकाऱ्यांना या कलमाविषयी लेखी विचारावे. मी माझ्या संस्थेत या आठवड्यात विचारले आहे. उत्तर आले की याच ठिकाणी कळवीन.